खराबी शोधण्याची मजुरी

या सदरात मोटारीवर लिहायची वेळ आमच्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. आमच्या घरी एक सायकल आणि एक जुनी स्कूटर, एवढाच काय तो वाहनांचा पसारा. त्यातही आम्ही लिहिणार ते दोनच माणसे बसतील अशा, जमिनीला पोट घासत चालणाऱ्या स्पोर्ट्स मोटारीबद्दल! पण विषय मोटारीचा असला तरी पोटाचा आहे, म्हणून लिहितो.

आमची थोरली बहीण नळदुर्गजवळ राहते. तिचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, आय.टी.आय. झालेला. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून तो पुण्यास गेला, एका वर्कशॉपात सहा वर्षे राबला आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गाठोडे बांधून परत आला. पुन्हा गेला नाही. सोलापूरहून नळदुर्ग, उमरग्यावरून हैदराबादला जाणारा जो महामार्ग, पूर्वी ज्याला नऊ नंबर म्हणत आणि आता पासष्ट नंबर म्हणतात, त्याच्या कडेला त्याने पत्र्याचे शेड टाकले. जीप, टमटम, पिकअप, ट्रॅक्टर, येईल ते काम करतो. गिऱ्हाईक पार्टचे पैसे देते आणि मजुरीला घासाघीस करते. हे सर्वांच्याच अनुभवाचे आहे.

मे २०२४ मधला रविवार. आम्ही आक्काकडे गेलो होतो. दुपारी भाच्याचा डबा घेऊन शेडवर बसलो होतो, तर गावची पाच-सहा पोरे एक पिवळीजर्द मोटार ढकलत आणताना दिसली. ढकलता ढकलता फोटोही काढत होती. मोटार कोणत्या कंपनीची हे आम्ही लिहीत नाही, त्याची गरजही नाही. सोबत मालक, हैदराबादकडचे गृहस्थ, घामाने भिजलेले. सोलापूरपासून मोटार दोनदा बंद पडली होती, ही तिसरी खेप. अर्धा तास थांबले की चालू होते, पंधरावीस मैल पळते, पुन्हा बंद. त्यांनी सोलापूरहून मोटार वाहून नेणारी गाडी मागवली होती. ती संध्याकाळी येणार होती. त्यांना फक्त सावली हवी होती. दुरुस्ती नको. ते स्पष्टच म्हणाले, "भाई, हाथ मत लगाना."

भाच्याने हात लावला नाही. पाणी दिले, खुर्ची दिली आणि विचारायला सुरुवात केली. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण पुढले अर्धे काम त्या विचारण्यातच झाले. बंद पडताना गाडी आचके देते की एकदम मरते? एकदम. बंद पडताना इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा कसा वागतो? मालक म्हणाले, गाडी अजून पळत असते आणि काटा मात्र झटक्यात शून्यावर येतो. परत स्टार्टर मारताना काटा थोडा तरी हलतो का? नाही. गार झाल्यावर? हलतो, आणि गाडी चालू होते.

भाचा आमच्याकडे वळून हळूच म्हणाला, "मामा, पेट्रोलचा दोष नाही हा. गाडीला आपलं चाक फिरतंय हेच कळंना झालंय."

हे वाक्य आम्हांला त्या वेळी समजले नाही. नंतर त्याने समजावले ते वाचकांसाठी सांगतो. जुन्या मोटारीत पेट्रोल कार्बोरेटरमधून जाई आणि ठिणगी डिस्ट्रिब्युटर देई. सगळे डोळ्यांना दिसणारे, स्क्रूने कमीजास्त करता येणारे. आता ती दोन्ही कामे एक लहानसा कॉम्प्युटर करतो. तो आंधळा असतो. त्याला बाहेरचे काही दिसत नाही. जे कळते ते सेन्सरकडून. पाणी किती तापले, हवा किती आत आली, पाय किती दाबला, धुरात प्राणवायू किती उरला, प्रत्येकाचा सांगावा आणणारा सेन्सर वेगळा. त्यांतला एक न आला तर गाडी रडतखडत चालते. पण एक असा आहे की तो गप्प झाला तर गाडी जागच्या जागी थांबते. तो क्रँक सेन्सर.

इंजिनाच्या दांड्यावर एक दातेरी चाक असते. पुष्कळ गाड्यांत साठ दातांची जागा असते, पण त्यातले दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात. चाकाच्या अगदी जवळ, केसाएवढ्या नव्हे पण नखाएवढ्या अंतरावर, लोहचुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे असलेला सेन्सर बसवतात. एकेक दात समोरून गेला की तारेत विजेचा एक लहानसा हिसका उठतो. माळ ओढताना दोन मणी नसलेली जागा बोटाला जशी कळते, तशी ती दोन दातांची मोकळी जागा कॉम्प्युटरला कळते, आणि त्यावरून दट्ट्या कुठे आहे हे तो ठरवतो. आम्ही लगेच कागदावर हिशेब केला. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला पन्नास. पन्नास गुणिले अठ्ठावन्न, म्हणजे एका सेकंदात दोन हजार नऊशे हिसके. हे मोजणे थांबले की कॉम्प्युटर पेट्रोलही बंद करतो आणि ठिणगीही. फेऱ्यांचा काटाही त्याच मोजणीवर चालतो. म्हणून भाच्याने काट्याची चौकशी केली होती.

मग मालकांनी सांगितले की हा सेन्सर फेब्रुवारीत बदललेला आहे. तेव्हा तक्रार निराळी होती, सकाळी गाडी फार वेळाने चालू व्हायची. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, एका मोठ्या शहरातल्या मोठ्या वर्कशॉपात कोड वाचला, सेन्सर बदलला, तक्रार गेली. आता दिवा तोच, आणि दोन दिवसांपूर्वी वाचला तेव्हा कोडही तोच. तिथून फोनवर सल्ला मिळाला होता की सेन्सर पुन्हा बदलू आणि बहुतेक कॉम्प्युटरही बदलावा लागेल. कॉम्प्युटरची किंमत त्यांनी सांगितली. त्या रकमेत आमच्या आळीतल्या दोन मुलींची लग्ने झाली असती.

भाच्याकडे कोड वाचायचे यंत्र आहे. हप्त्याने घेतलेले, सेकंडहॅण्ड. मालकांच्या परवानगीने त्याने स्टिअरिंगखालच्या सोळा टाचण्यांच्या सॉकेटात ते लावले. आकडा आला पी ०३३५. हा आकडा सगळ्या कंपन्यांत एकच अर्थाचा असतो. मूळ ही पद्धत अमेरिकेतली. कॅलिफोर्नियात १९८८ पासून धुरावर लक्ष ठेवण्यासाठी गाडीने स्वतःची खराबी स्वतः नोंदवून ठेवावी असा नियम आला, आणि १९९६ पासून तिथल्या सगळ्या नव्या मोटारींना एकच सॉकेट, एकाच धर्तीचे आकडे लागू झाले. म्हणून तर पत्र्याच्या शेडमधले यंत्र कोटभर रुपयांच्या मोटारीलाही लागू पडते. एवढी समानता आम्हांला तरी दुसरीकडे फारशी आढळलेली नाही!

पण पी ०३३५ चा अर्थ 'सेन्सर खराब आहे' असा नाही, हे भाच्याने बोट उगारून सांगितले. अर्थ एवढाच की क्रँक सेन्सरच्या वाटेवर कुठेतरी गडबड आहे. वाटेवर म्हणजे सेन्सर, त्याचा प्लग, तिथून निघणाऱ्या वायरी, आणि शेवटी कॉम्प्युटर. आम्ही कचेरीत बसून हे बरोबर ओळखतो. फाईल साहेबांच्या टेबलावर पोचली नाही याचा अर्थ अर्ज करणाऱ्याने अर्जच केला नाही असा होत नाही.

भाचा म्हणाला, मी शोधून देतो. मालक त्याच्या शेडकडे पाहत राहिले, आणि खरी अडचण तेव्हा उभी राहिली. आक्का डबे न्यायला आली होती. ती म्हणाली, "कोटीच्या वस्तूला हात लावू नको बाबा. उद्या काय मोडलं तर घर विकून फिटायचं नाही." मग आमच्याकडे वळून, "तू तरी सांग की ह्याला!" आक्काचे चुकत नव्हते. अशा कामात काही तुटले तर खापर कुणावर फुटते हे आपण सर्वजण जाणतो. मोठ्या वर्कशॉपात चूक झाली तर तिला 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणतात. शेडमध्ये झाली तर अडाणीपणा म्हणतात.

दुसरीकडे भाचा घायकुतीला आलेला. "मामा, जे काय करायचं ते लवकर करा. इंजिन गार झालं की चोर पळाला. मग संध्याकाळपर्यंत सापडायचा नाही."

उष्णतेने होणारी खराबी अशीच असते. वर्कशॉपात गाडी रात्रभर उभी राहते, सकाळी मीटर लावले तर सगळे आकडे ठीक. म्हणून बिचारे पार्ट बदलत सुटतात. आत्ता, या उन्हात, बंद पडलेल्या घडीलाच तपासायची संधी होती.

येथे बी.कॉम. कामाला आले. आम्ही भाच्याच्या वहीचे एक पान फाडले आणि मालकांच्या समोर हिंदीत लिहिले: गाडी बंद अवस्थेत आली, मालकाच्या संमतीने फक्त तपासणी, काही कापण्या-जोडण्यापूर्वी मालकास दाखवून विचारले जाईल, गाडीवर आधीचे ओरखडे अमुक ठिकाणी. खाली तारीख, वेळ, मीटरचे किलोमीटर, दोघांच्या सह्या. चार मिनिटे लागली. गंमत अशी की त्या कागदाने आक्काचा जीव भांड्यात पडला तसा मालकांचाही पडला. त्यांना वाटले, इथे काही पद्धत आहे.

मोटार एवढी खाली की जॅक आत जाईना. पोरांनी बाभळीच्या दोन फळ्या ठेवल्या, ढकलून मागची चाके वर चढवली. अशा पुष्कळ मोटारींत इंजिन पुढे नसते, बसायच्या जागेच्या मागे असते. आपल्याकडेही असे प्रयत्न झाले आहेत. २०१२ च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत दाखवलेली डीसी अवंती अशीच, मधे इंजिन असलेली, आणि ते दोन लिटरचे टर्बो इंजिन फ्रान्सच्या रेनोचे. त्याआधी गोव्याशी नाते सांगणारी सॅन स्टॉर्म नावाची छोटी उघडी मोटार नव्वदच्या दशकाच्या शेवटी निघाली होती, तिलाही रेनोचेच बाराशे सी.सी.च्या आतले इंजिन. या मोटारी फार विकल्या गेल्या नाहीत, असो. सांगायचे ते हे, की इंजिन मधे बसवले की वजन चारी चाकांवर नीट पडते, पण समोरचा वारा त्याला थेट लागत नाही. आतला कोंडलेला ताप वायरींना सोसावा लागतो.

भाच्याने बॅटरीची उणे बाजू सोडवली. मागच्या चाकाच्या आतला प्लास्टिकचा पडदा काढला, हातमोजे घालून सेन्सरचा प्लग काढला. पहिले मीटर सेन्सरलाच लावले. वेटोळे तुटले असते तर मीटरने अनंत दाखवले असते. आकडा आला तो या जातीच्या सेन्सरला साजेसाच. इतक्या तापलेल्या अवस्थेतही ठीक. म्हणजे फेब्रुवारीत बसवलेला सेन्सर निर्दोष. मालकांना त्याने आकडा दाखवला. मग सीटमागचा कॉम्प्युटरचा प्लग सोडवला, म्हणजे मधल्या वायरी दोन्ही टोकांनी मोकळ्या झाल्या. त्या दोन वायरींभोवती तारांची जाळी विणलेली असते, बाहेरची वीज आत घुसू नये म्हणून. जाळी जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. वायर आणि जाळी यांचा एकमेकांना स्पर्श होता कामा नये.

मीटरचे एक टोक वायरीला, दुसरे जाळीला. मीटर वाजले.

शेडमध्ये कुणी बोलेना. भाच्याने वायरींचा जुडगा इंचाइंचाने हलवायला घेतला. एका ठिकाणी हलवला की आवाज थांबे, सोडला की सुरू. तिथे बॅटरीचा प्रकाश टाकला. धुराच्या तापलेल्या नळीवर जो पत्र्याचा पडदा असतो त्याला जुडगा टेकला होता. बाहेरचे आवरण भाजून करपले होते, आत वायरीचे रबर मऊ होऊन जाळी त्यात रुतली होती. जुडगा वर धरून ठेवणारी क्लिप बसवायचे भोक सांगाड्यावर होते. क्लिप नव्हती. सेन्सर बदलताना कुणीतरी ती काढली आणि परत लावली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये निभावले, मेमध्ये रबर हरले.

दिवा तोच, आकडा तोच, आणि खराबी निराळी. शंभर रुपयांच्याही आतल्या क्लिपसाठी कॉम्प्युटर बदलला जाणार होता.

मालकांनी फोटो काढला, मान हलवली, 'करो' म्हणाले. दुरुस्ती फार वेळाची नव्हती. करपलेला तुकडा कापला, नवी वायर जोडनळीने दाबून जोडली, जोड शेजारी-शेजारी न ठेवता पुढे-मागे ठेवले, वर गरम करून आवळणारी नळी चढवली, जाळी पुन्हा सलग केली, सगळ्यावर काचेच्या धाग्याची पिशवी, आणि जुडगा रबर लावलेल्या क्लिपने वर बांधला. नुसती काळी टेप गुंडाळून भागवले असते तर उमरग्याच्या पुढे ती वितळली असती. प्लग लावले, बॅटरी लावली, कोड पुसला. पहिल्याच स्टार्टरला काटा हलला. मग चाळीस मिनिटे मोटार जागेवर चालू ठेवली. पंखा तीनदा लागला, तीनदा बंद झाला. काटा हलला नाही. मालक जळकोटपर्यंत जाऊन आले. वाहून नेणारी गाडी परत पाठवली.

आणि मालकांनी विचारले, किती झाले?

भाचा म्हणाला, "तीनशे द्या."

आम्ही पुष्कळ सभांत श्रमाच्या मोलावर भाषणे केली आहेत. त्या दिवशी आमच्याच भाच्याच्या तोंडून तीनशे ऐकून आम्हांला जी लाज वाटली ती कोणत्याही सभेत वाटली नव्हती. त्याला बाजूला घेतले. तो म्हणाला, "मामा, पार्ट कुठं लागलाय? वायर अन् नळी. हातभर." आम्ही म्हणालो, कॉस्टिंगच्या पेपरात आम्ही नापास होता होता वाचलो, पण एवढे कळते. दोन वर्षे आय.टी.आय., सहा वर्षे पुणे, यंत्राचे हप्ते, अडीच तास, आणि ज्या जबाबदारीने आक्काचा जीव वरखाली झाला ती जबाबदारी, हे सगळे हातभर वायरीत मोजायचे का? तो गप्प. मग म्हणाला, "इथली माणसं शोधायचे पैसे देत नाहीत. सवयच गेली."

आम्ही बसून बिल लिहिले. तपासणी १,५००. दुरुस्तीची मजुरी ५००. साहित्य १८०. एकूण २,१८०. मालकांनी वाचले, पहिल्या ओळीवर क्षणभर थांबले, आणि फोनवरून तेवढेच पैसे पाठवले. वर काही दिले नाही, आणि ते बरेच झाले. बक्षीस दिले असते तर भाच्याने पुन्हा त्यालाच मजुरी समजले असते.

आता वाचकांच्या उपयोगाचे थोडे. स्पोर्ट्स मोटार आपल्या दारात येणार नाही, पण १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा लागू झाले आणि आपल्या पोरांच्या मोटारसायकलीतही कार्बोरेटर जाऊन सेन्सर आले. दिवा नुसता लागून राहिला तर घाबरू नका, पण लवकर दाखवा. चारचाकीत तो लुकलुकू लागला तर गाडी हळू करून थांबवा. ठिणगी चुकून न जळालेले पेट्रोल सायलेन्सरच्या आतल्या महाग भागाला जाळते. कोडचा आकडा कागदावर लिहून मागा. जुना पार्ट परत मागा, तो तुमचाच असतो. 'कोड पुसून देतो, दिवा जाईल' असे कुणी म्हणाले तर ताप न उतरवता थर्मामीटर झटकण्यासारखे ते आहे. सर्व्हिसिंगवाल्याला जोराचे पाणी वायरींच्या प्लगांवर मारू देऊ नका. आणि गाडी घराच्या कडेला, जोंधळ्याच्या पोत्यांजवळ उभी करत असाल तर उंदरांकडे लक्ष ठेवा. भाच्याकडे येणाऱ्या सेन्सरच्या तक्रारींत उंदराने कुरतडलेल्या वायरी भरपूर असतात. कॉम्प्युटरचा दोष, तो म्हणतो, सर्वांत शेवटी धरावा.

जूनमध्ये भाच्याने बिलबुक छापून घेतले. त्यात पहिली ओळ 'तपासणी' अशी आम्हीच घालायला लावली. मागच्या वेळी गेलो तेव्हा एक टमटमवाले बिल हातात धरून वाद घालत होते. ओळखीचेच, गावातले. "पार्टचे दिले, मजुरी दिली. हे तपासणीचे शंभर कशाचे रे?" भाच्याने काढलेला जुना सेन्सर त्यांच्या हातात ठेवला, मीटर लावून आकडा दाखवला, आणि म्हणाला, "काका, ह्याचे. हा बदलायचा नव्हता, म्हणून बदलला नाही. परत बसवून देतो. तुमचे बाराशे वाचले." काकांनी सेन्सर उलटासुलटा करून पाहिला. मग पन्नास काढून दिले, आणि उरलेले पन्नास बाजारच्या दिवशी देतो म्हणाले.